रजिस्टरातला दाब

शिवकन्येला त्या दिवशी केजच्या जीपमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, आणि हे तिचं नशीब म्हणायचं. मधे दाटीवाटीत बसली असती तर तिनं पिशवीतली वही काढलीच नसती.

ती मूळची चौसाळ्याची. वडिलांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान. तांब्याच्या तारेचे वेटोळे मोजतच ती मोठी झाली. पुढं इलेक्ट्रॉनिक्स शिकून पुण्याच्या एका लहानशा कंपनीत लागली. कंपनी कारखान्यांसाठी कंट्रोल कार्डं बनवायची. यंत्राचा दाब, तापमान बघत राहायचं आणि काही बिनसलं तर यंत्र बंद करायचं, एवढंच त्या कार्डाचं काम. तसलं एक कार्ड केज-धारूर रस्त्यावरच्या सहकारी दूध संस्थेच्या शीतकेंद्रात बसवलेलं होतं आणि तेच चार दिवसांपासून रोज दुपारी कॉम्प्रेसर बंद पाडत होतं.

एप्रिल दोन हजार सोळाचा. शेतात काही उरलेलं नव्हतं, धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि आसपासच्या बारा-पंधरा गावांत हातात रोजचा पैसा यायचा तो फक्त दुधाचा. संस्थेनं केंद्राच्या आवारालगतच चारा छावणी उघडली होती. साडेचारशे जनावरं आणि त्यांच्या दावणीशी राहणारी माणसं. दूध तिथंच निघायचं आणि भिंतीपलीकडं तिथंच थंड व्हायचं. कॉम्प्रेसर तासभर बंद पडला की टाकीतलं दूध नासायला लागे. चेअरमन सुंदरराव पुण्याला दिवसाला दहा फोन करत होते.

म्हणून शिवकन्येला पाठवलं होतं. सकाळी आठला तिनं लॅपटॉप कार्डाला जोडला आणि डीबगर उघडला. डीबगर म्हणजे चालू यंत्राच्या डोक्यात डोकावायची खिडकी. प्रोसेसर ज्या लहान लहान कप्प्यांत आकडे धरून काम करतो, त्यांना रजिस्टर म्हणतात. त्या क्षणी कुठल्या रजिस्टरात काय आहे, ते डीबगर पडद्यावर दाखवतो. दाबाचा आकडा कुठल्या रजिस्टरात येतो ते तिला ठाऊक होतं. तिथं चौदा, पंधरा असं काहीतरी दिसायला हवं होतं. दिसला एकशे नऊ कोटींच्या घरातला आकडा.

तिनं दुपारपर्यंत वायरी तपासल्या, सेन्सर काढून परत बसवला. बाराच्या सुमाराला लाल दिवा लागला, भोंगा वाजला, कॉम्प्रेसर थांबला. तेव्हाही रजिस्टरात तसलाच अगडबंब आकडा. पाइपावरच्या गोल डायलचा काटा मात्र शांतपणे बारावर होता. ऑपरेटर सुग्रीव म्हणाला की डायल कायम बाराच दाखवतो, दाब कधी हललेलाच नाही. तिनं पुण्याला साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, कार्डातला प्रोसेसर नवीन आहे, पहिलीच खेप, खराब निघाला असेल. तात्पुरतं बायपास कर, दूध वाचव, नवं कार्ड परवा पाठवतो.

तिनं बायपास केलं. दोन इंचांची एक वायर, दोन स्क्रू. आता कार्डानं कितीही बोंब मारली तरी कॉम्प्रेसर थांबणार नव्हता. सुग्रीवनं भोंग्याची वायर काढली आणि लाल दिव्यावर चिकटपट्टी लावली. जायच्या आधी तिनं सवयीनं रजिस्टर आणखी एकदा वाचलं आणि वहीत टिपलं. छावणीतल्या छबुबाईनं तिला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. केंद्राच्या भिंतीला सावली असते म्हणून छबुबाईचे दोन बैल, तिची गाय आणि वाकळ भिंतीलगतच होती. अडीचला शिवकन्या जीपमध्ये बसली.

जीप आठेक किलोमीटर आली असेल. रिपोर्ट लिहायचा म्हणून तिनं वही उघडली. तीन आकडे एकाखाली एक होते.

१०९६८१०४९६
१०९९१६९७९२
१०९९६९४०८०

सकाळी आठचा, दुपारी बाराचा, दीडचा. बिघडलेल्या प्रोसेसरात कचरा येतो आणि कचरा कसाही येतो. आज कोटीत, उद्या शून्यावर. हे आकडे तसे नव्हते. उन्हाबरोबर ते चढत गेले होते.

तिनं पेन्सिल काढली.

आकडा एकच असतो, पण तो कसा वाचायचा यावर त्याचा अर्थ ठरतो. प्रोसेसर पूर्णांक एका तऱ्हेनं मांडतो आणि दशांश अपूर्णांक अगदी वेगळ्या तऱ्हेनं. दशांशाची मांडणी पूर्णांक समजून वाचली तर समोर येतो तो एक भलामोठा, निरर्थक आकडा. मूळ मांडणी उलगडायची म्हणून तिनं वहीच्या कोपऱ्यात पहिला आकडा सोळानं पुन्हा पुन्हा भागायला घेतला. जीप हिसके देत होती, पेन्सिल कागदावरून घसरत होती. मांडणी उलगडली तेव्हा उत्तर आलं चौदा. दुसऱ्याचं साडेसोळा. तिसऱ्याचं साडेसतरा.

दाब सोळाच्या वर गेला की कार्ड यंत्र बंद करायचं. म्हणजे चारही दिवस कार्डानं केलं ते बरोबरच होतं. चुकीचा होता डीबगर, आणि त्याच्यावर विसंबलेली ती. आणि तिसरा आकडा बायपासनंतरचा होता. दाब अडवणारं आता तिथं काहीच राहिलं नव्हतं, आणि त्या पाइपांत दूध गार करणारा विषारी अमोनिया होता.

तिनं सुग्रीवला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्याला ती ऐकू येणार नाही, हे तिला कळत होतं, तरी तिनं पाच वेळा लावला. सुंदररावांचा फोन बंद. ते तहसीलला छावणीच्या बैठकीत होते. केंद्राच्या छपरावर सेफ्टी वॉल्व होता. दाब एकोणीसला गेला की तो उघडतो आणि वायू बाहेर सोडतो. त्याचा पाइप सकाळीच तिनं पाहिला होता. बुटका, आणि तोंड वाकलेलं छावणीकडं. त्याखालीच छबुबाईची वाकळ.

तिनं जीप थांबवली. ती रस्त्यावर उतरली. उलट्या दिशेनं बराच वेळ काही आलं नाही. दोन मोटारसायकली हात केला तरी थांबल्या नाहीत. मग पाण्याचा एक टँकर आला. चालक गहिनीनाथ छावणीलाच पाणी घेऊन निघाला होता. ती वर चढली आणि लवकर चला म्हणाली. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"भरलेला टँकर हाय ताई. वळणावर पळवला तर आपन दोघं बी खड्ड्यात. काय झालंय?"

तिनं सांगितलं. सगळं त्याला कळलं नसावं, पण अमोनिया हा शब्द त्याला ठाऊक होता. त्यानं गिअर बदलला. सगळ्या वाटेभर शिवकन्या दाराचा दांडा घट्ट धरून बसली होती. बाहेरच्या आरशात टँकरच्या तोटीवर पांढऱ्या क्षाराचा बोटभर थर चढलेला तिला दिसला. हेच बोअरचं पाणी दोन महिन्यांपासून केंद्रात अमोनिया थंड करायला वापरत होते, तेही आटलं म्हणून तेच ते फिरवून. पाण्याच्या पाइपांना आतून असाच थर बसला असणार. मग वायू थंड होणार कसा? दाब वाढायचं कारण सापडलं आणि तिच्या मनात उरलीसुरली शंकाही गेली. आपण चुकलो असू, ही एकच आशा तिला होती.

चारला टँकर आवारात शिरला. सगळं जागच्या जागी होतं. जनावरं रवंथ करत होती, बायका शेणी थापत होत्या. वारा छपरावरून छावणीकडं वाहत होता. ती आधी छबुबाईकडं धावली आणि भिंतीपासून सगळ्यांना हलवा म्हणाली.

"जनावरं सोडून कुटं जाऊ बाई?"

"जनावरं घेऊनच जा. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडं. सगळ्यांना सांगा. पाइपातून वायू सुटणार हाय."

पुण्यात गेल्यापासून तिनं असं बोलणं सोडलं होतं. छबुबाईनं गायीचं दावं सोडलं आणि हाका मारायला लागली.

आत कॉम्प्रेसर घुमत होता. सुग्रीव स्टुलावर बसून नोंदी लिहीत होता. शिवकन्येनं ओरडून सांगितलं की मशीन बंद करा. त्यानं मान हलवली. टाकीत सहा हजार लिटर दूध होतं, संध्याकाळचं यायचं होतं, आणि आज मशीन थांबता कामा नये असं चेअरमननं बजावलं होतं. ती स्वतःच बटणाकडं गेली तर तो आडवा आला. हात लावला नाही, नुसता मधे उभा राहिला.

"ताई, दुपारी तुमीच म्हनलात कार्ड येडं झालंय. आता म्हनता खरं बोलतंय. म्या कोणतं ऐकू? आन् डायल तर बाराच दाखवतोय."

दुपारचा तिचा शब्दच आता तिच्या वाटेत उभा होता. भांडत बसायला वेळ नव्हता. तिनं लॅपटॉप कार्डाला जोडला. केबलचं टोक तिसऱ्या खेपेला बसलं.

डीबगरला प्रोसेसरची ओळख एका साध्या फाइलीतून होते. कुठलं रजिस्टर केवढं आणि त्यात कसला आकडा असतो, ते त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. ती फाइल प्रोसेसर विकणाऱ्यानं लिहून डीबगरमध्ये घातलेली होती आणि कंपनीत ती कुणीच उघडून पाहिली नव्हती. तिनंही नाही. तिनं उघडली. दशांश ठेवणारी सोळा रजिस्टरं होती, आणि सोळाच्या सोळा ओळींत प्रकार लिहिला होता पूर्णांक.

एवढंच होतं ते. एक शब्द, सोळा वेळा.

तिनं तो बदलायला घेतला. एका ओळीत स्पेलिंग चुकलं, डीबगरनं फाइलच नाकारली. डोळ्यांत घाम उतरत होता. तिनं ओळ शोधली, अक्षर नीट केलं, पुन्हा चालू केलं. मागं सुग्रीव वाकून बघत होता.

"हे काय करताय?" त्यानं विचारलं.

ती म्हणाली, "दुधाच्या चिठ्ठीवर फॅट असते आणि लॅक्टोमीटरची डिग्री असते. एखाद्यानं डिग्रीचा अठ्ठावीस फॅटच्या रकान्यात वाचला तर?"

"तर म्हनंल, असलं दूध असतंच न्हाई. चिठ्ठीच खोटी."

"मी तेच केलं, सुग्रीवभाऊ. चिठ्ठी खरी होती. मी रकाना चुकले."

तिनं रजिस्टर वाचलं. पडद्यावर कोटी नव्हते. साधा, छोटा आकडा होता: १८.५.

सुग्रीवनं तो पाहिला. मग त्यानं भिंतीवरचा पाना उचलला आणि डायलवर जोरात ठोकला. अडकलेला काटा एकदा थरथरला, सुटला आणि बारावरून सरकत सरकत अठराच्याही पुढं जाऊन थांबला. वर्षभर सुग्रीव त्या काट्याकडं बघून वहीत बारा लिहीत आला होता.

तो बटणाकडं वळला आणि त्याच वेळी वर छपरावर किंकाळीसारखा आवाज झाला. वॉल्व उघडला होता. सुग्रीवनं बटण दाबलं. कॉम्प्रेसर थांबला, पण वरचा आवाज थांबेना. दारातून वास आत आला आणि नाकात सुया टोचाव्यात तसं झालं. श्वास घेता येईना. सुग्रीवनं तिला बाहेर ढकललं आणि स्वतः पाइपावरचं झडपेचं चाक फिरवायला मागं गेला.

बाहेर पांढरट धूर भिंतीवरून खाली उतरत होता. भिंतीलगतची जागा रिकामी होती. छबुबाईची वाकळ तेवढी तिथंच पडली होती. पण सगळीच जनावरं काही निघाली नव्हती. कडेच्या दावणीला बांधलेल्या म्हशी दोर तोडायला बघत होत्या, खुंटे उपटत होत्या. कुणीतरी लहान मुलाला पदराखाली घेऊन खोकत पळत होतं. शिवकन्या डोळे मिटूनच गहिनीनाथाला शोधत धावली. अमोनियाला पाणी ओढून घेतं, हे तिला माहीत होतं. तिनं त्याला सांगितलं, पण तोंडातून आवाज निघत होता की नाही कुणास ठाऊक. गहिनीनाथानं टँकर मागं घेतला, पंप चालू केला आणि नळीचं तोंड धुरावर धरलं. छावणीचं त्या दिवसाचं सगळं पाणी होतं ते. ओली धडुती तोंडाला बांधून दोघं-तिघं आत शिरले आणि म्हशींचे दोर कोयत्यानं कापले.

आवाज थांबला तेव्हा फार तर दीड मिनिट झालं असेल. शिवकन्या रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसली होती आणि माणसं मोजत होती. कोण किती होते हे तिला माहीतच नव्हतं, तरी ती मोजत होती. सुग्रीव दाराबाहेर आला, दोन पावलं चालला आणि खाली बसला. त्याच्या घशातून नुसती घरघर येत होती.

मेलं कुणी नाही. सुग्रीव सहा दिवस अंबाजोगाईच्या दवाखान्यात होता. आवाज परत यायला त्याला महिना लागला आणि आला तोही चिरका. अकरा जणांचे डोळे सुजले, त्यात छबुबाई होती. एक म्हैस पळताना खड्ड्यात पडून पाय मोडून बसली. दुधातलं अर्धं कॅनमधून दुसऱ्या केंद्राला नेलं, अर्धं नासलं. तिसऱ्या दिवशी पाण्याचे पाइप उघडले तेव्हा आत बोट जाईल एवढीसुद्धा वाट नव्हती, सगळा पांढरा दगड.

सुंदरराव संध्याकाळी आले होते. पुण्याहून साहेबांनी शिवकन्येला फोनवर बजावलं की चूक पाण्याची आणि डायलची आहे, तेवढंच बोल. ती चूक होतीच. पण बायपासची वायर तिनं जोडली होती. तिनं सुंदररावांना सगळं सांगितलं, अगदी चिकटपट्टीसकट. शिव्या देतील असं तिला वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले की हे मला नको, सभासदांना सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीच्या ताडपत्रीखाली दोनशे माणसांसमोर ती उभी राहिली. रजिस्टर, डीबगर हे शब्द तिनं वापरले नाहीत. मशीन खरं सांगत होतं आणि मी ते चुकीचं वाचलं, असं म्हणाली. मग छबुबाईनं विचारलं. तिचे डोळे अजून उघडत नव्हते, तोंड भलत्याच दिशेला होतं.

"पुन्यांदा असं व्हईल का?"

"ह्या मशीनवर न्हाई होणार," शिवकन्या म्हणाली. "दुसरीकडचं मला सांगता येत न्हाई."

हे बोलून ती खाली बसली, आणि बसल्यावर तिला आपणच काय बोललो ते उमगलं. तो डीबगर फुकट मिळणारा होता. जगात कुणीही उतरवून घ्यावा, वापरावा. त्या प्रोसेसरची तीच फाइल कुठल्या कुठल्या कारखान्यांत, कुणाकुणाच्या लॅपटॉपवर असेल आणि तिथं कोण तो कोटींचा आकडा बघून वायर हातात घेत असेल, याला काही ठिकाणा नव्हता.

पुण्याला जाईपर्यंतही ती थांबली नाही. केजच्या बसस्टँडवर एका झेरॉक्सच्या दुकानात बसून तिनं डीबगर सांभाळणाऱ्या मंडळींना लॅपटॉपवरून पत्र लिहिलं. सोळा ओळींची दुरुस्ती जोडली आणि शेजारी तेच आकडे दोन्ही तऱ्हेनं वाचून दाखवले. अपघाताबद्दल एकच वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि ठेवलं.

उत्तर नऊ दिवसांनी आलं. आकडे नीट वाचले जातात का हे तपासणारी आणखी एक चाचणी जोडा, असं त्यांनी मागितलं होतं. ती तिनं रात्रीतून लिहून दिली. महिनाअखेरीस दुरुस्ती सगळ्यांसाठी खुली झाली. शिवकन्येला वाटलं होतं की त्या दिवशी छातीवरचं ओझं उतरेल.

पण जूनमध्ये तिला एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. तो कुठल्या देशातला होता तेही तिला नीट कळलं नाही. त्यानं आभार मानले होते. त्याच प्रोसेसरचं कार्ड त्यांच्याकडं एका बॉयलरवर बसवलंय, असं त्यानं लिहिलं होतं. कोटींचे आकडे दिसायचे म्हणून कार्ड खराब धरून त्यांनी ते फेब्रुवारीपासून बायपास करून ठेवलं होतं. तिची दुरुस्ती घातल्यावर आकडे नीट दिसायला लागले. आता ते बायपास काढणार होते, येत्या सोमवारी.

पत्र आदल्याच दिवशी, शुक्रवारी, लिहिलेलं होतं. शिवकन्येनं तारीख दोनदा पाहिली. तिनं उत्तरात एकच ओळ लिहिली, सोमवारची वाट बघू नका, आत्ताच्या आत्ता काढा. ती पाठवली, आणि त्याचं परत काही येईपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही.